शेल्फवरची कामे आणि पहिली दहा मिनिटे

संकटाच्या वेळी घ्यावे लागणारे निर्णय, मन शांत असताना आणि वेळ हाताशी असतानाच घेऊन ठेवणे, अशी आपत्कालीन नियोजनाची व्याख्या केली, तर संस्थांना आणि गावांना अशा नियोजनात साहाय्य करणाऱ्यांची परिषद अहिल्यानगर जिल्ह्यात भरण्याचे औचित्य सहज ध्यानात येते. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या डोंगरात पावसाची झड लागलेली असताना पाथर्डी-जामखेडकडच्या वाड्यावस्त्यांनी टँकरची वाट पाहावी, अशी स्थिती ज्या जिल्ह्याने अनुभवली आहे, त्याला आपत्ती नवी नाही. प्रश्न असा आहे, की एका आपत्तीने शिकवलेले शहाणपण दुसरीच्या वेळी कामी का आले नाही.

दुष्काळ ही पावलापावलाने येणारी आपत्ती असल्यामुळे तिच्याविषयीचा विचार या देशात सर्वांत आधी झाला. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ज्या दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांत ‘चाचणी काम’ नावाची एक विलक्षण तरतूद होती. टंचाईची शंका येताच अंगमेहनतीचे एखादे काम काढायचे, आणि त्यावर किती माणसे येतात हे पाहून दुष्काळ पडला आहे की नाही हे ठरवायचे. त्या संहितांमागील राज्यकर्त्यांची कृपणता विसरता येत नाही, परंतु निर्णय कोणाच्या मर्जीवर न सोडता आधी ठरलेल्या खुणेवर सोपवण्याची कल्पना मोलाची होती. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेने तिला अधिकाराचे रूप दिले आणि तिच्याबरोबर ‘शेल्फ’ हा शब्द तहसील कचेरीत रुळवला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा ज्या कामांची पाहणी, अंदाजपत्रक आणि मंजुरी आधीच करून ठेवलेली असते, त्यांचा साठा म्हणजे शेल्फ. मजुरांनी मागणी केली, की त्यातील काम काढून सुरू करायचे. ज्या तालुक्याचा शेल्फ रिकामा, तेथे मागणी आल्यावर मोजमापाला सुरुवात होणार आणि तोवर माणसे गाव सोडणार, हे अधिकाऱ्यांना आणि मजुरांना सारखेच ठाऊक होते.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हीच रीत कचेरीतून ग्रामसभेत आणली. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते सर्वांदेखत ठरवायचे. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत आणि उसासारखी पाणी पिणारी पिके लावायची नाहीत, हे निर्बंध टिकले, कारण ते पाळणाऱ्यांनीच घातले होते. नियोजनशास्त्रातील कितीतरी ग्रंथांना जे सांगता आलेले नाही ते येथे दिसते: आराखडा ज्याच्या हातून अमलात यायचा आहे, तो माणूस तो तयार होताना तेथे बसलेला असावा लागतो.

आग, पूर आणि गर्दी या झडप घालणाऱ्या आपत्तींच्या बाबतीत मात्र हाच जिल्हा, आणि खरे तर सारे राज्य, वेगळे वागत आले आहे. 6 नोव्हेंबर 2021 रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी 11 रुग्ण दगावल्याची नोंद झाली. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या रुग्णालयात आगीत 10 नवजात बालके दगावली होती, त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते, आणि 23 एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला होता. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही, आणि कायदाही होता. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते.

परंतु प्रमाणपत्र यंत्रांविषयी बोलते, माणसांविषयी नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण चालू शकत नाही, म्हणून ‘इमारत रिकामी करा’ ही सूचना तेथे निरर्थक ठरते. तेथे गरज असते ती आडव्या स्थलांतराची, म्हणजे रुग्णाला जिन्याने खाली न नेता त्याच मजल्यावरील, आग थोपवणाऱ्या दारापलीकडच्या कक्षात हलवण्याची. त्या विभागाच्या ऑक्सिजनची झडप कोठे आहे, ती बंद करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, बंद झाल्यावर कोणत्या रुग्णाला अँबू पिशवीने, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने, जगवत न्यायचे, आणि खाटेची चाके दारातून जातात का, या प्रश्नांची उत्तरे अग्निशमन दलाची गाडी येण्याआधीच्या दहा मिनिटांत लागतात. हवेत ऑक्सिजन नेहमीच्या सुमारे 21 टक्क्यांहून वाढला, की चादर आणि गादीसुद्धा झपाट्याने पेट घेते, म्हणून ती दहा मिनिटेही हमखास मिळतील असे नाही. येथे शेल्फवर कामे ठेवायची नसून कृती ठेवायच्या असतात, आणि त्या ज्यांच्या हाती असतात ते लोक, म्हणजे रात्रपाळीची परिचारिका, कक्षसेवक, वीजतंत्री आणि दारावरचा रखवालदार, नियोजनाच्या बैठकीला क्वचितच बोलावलेले आढळतात. घातक रसायने मोठ्या प्रमाणात हाताळणाऱ्या कारखान्यांना भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरच्या 1989 च्या नियमांखाली आवारातील आपत्कालीन आराखड्याची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घेणे भाग आहे. जेथे माणसे श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असतात तेथे याहून कमी अपेक्षा ठेवणे असमर्थनीय आहे.

पुराच्या बाबतीत उणीव भाषेची आहे. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत अमुक क्युसेक पाणी सोडले, अशी सूचना कोपरगावला येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. पण नदीकाठच्या घराला आकडा नको असतो, पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागेल आणि आपल्या उंबऱ्याला केव्हा पोचेल हे हवे असते. मागील पुरांच्या पातळ्या आणि त्या वेळचा विसर्ग यांची सांगड घालून खांबांवर, देवळांच्या भिंतींवर रंगाच्या खुणा करणे हे खर्चिक काम नाही. जाणत्या वृद्धांना बरोबर घेऊन फिरावे लागते, एवढेच.

निरोपाची व्यवस्था तर जिल्ह्यातील अनेक गावांत उभी आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप गावातील नोंदलेल्या सर्व मोबाइलवर एकाच वेळी ऐकू जातो; दरोडा, बिबट्या, आग अशा प्रसंगी दवंडी आणि चावडीची घंटा जे करीत असे, तेच ती वेगाने करते. मात्र नव्या सुना, उसतोडीला गेलेली आणि परतलेली कुटुंबे, शेतवस्तीवरचे सालगडी यांचे क्रमांक तिच्यात आहेत का, हे ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचून पाहावे लागेल. पाण्याचा ताळेबंद मांडण्याच्या दिवशीच ही यादी वाचता येईल.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असलेले जिल्हा प्राधिकरण निर्माण केले, आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करण्याचे बंधन घातले. आता 2027 चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ समोर असून, तेथील यात्रेकरूंचा ओघ शिर्डीकडे आणि शनिशिंगणापूरकडे वळणार हे गृहीतच धरावे लागते. 2003 च्या सिंहस्थात नाशिकच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली होती, आणि 2005 च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत शेकडो भाविक मृत्युमुखी पडले. शिर्डी आणि शनिशिंगणापूर या दोन्ही गावांच्या रस्त्यांवर किती माणसे झाल्यावर प्रवाह थांबवायचा, तो आकडा कोणी मोजायचा, आणि मागच्या गर्दीला दोन किलोमीटर अलीकडेच थांबवण्याचा अधिकार कोणत्या चौकातल्या शिपायाला असेल, हे त्या शिपायाला, फूलविक्रेत्यांना आणि वाहनतळ चालवणाऱ्यांना एकत्र बसवून ठरवण्याचे काम या परिषदेतील मंडळींनी पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता अंगावर घ्यावे.