वेगाचा वर्ग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हांला गतिज ऊर्जेचे सूत्र फळ्यावर लिहून दिले नाही. बेळगावच्या या शाळेच्या मागील व्हरांड्यात त्यांनी खानापूरकडच्या मऊ मातीने भरलेली पाटी ठेवली आणि एकाच आकाराचे, पण कमी-अधिक वजनाचे गोळे आमच्या हाती दिले. हलका गोळा तीन हातांवरून सोडला, त्याच्या तिप्पट वजनाचा एका हातावरून. मातीत पडलेले खळगे सारखेच निघाले!

हा प्रयोग मूळचा हॉलंडमधील लायडेनच्या स्ग्राव्हेसांदे यांचा, १७२२ च्या सुमाराचा. त्यामागे मोठा वाद होता. देकार्तच्या अनुयायांच्या मते गतीचे माप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. लायब्निझने १६८६ मध्ये आक्षेप घेतला की, वेगाचा वर्ग घ्यावयास हवा. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात लायब्निझची बाजू मांडली आणि या प्रयोगांचा आधार घेतला. चौपट उंचीवरून पडणाऱ्या गोळ्याचा वेग दुप्पटच होतो, काम मात्र चौपट. गंमत अशी की, दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते. वेग दुप्पट झाला तर तोच ब्रेक दुप्पट वेळ दाबावा लागतो, पण तेवढ्यात गाडी चौपट अंतर जाते. (सूत्रातला तो ‘अर्धा’ पुढे १८२९ मध्ये कोरिओलिसने रूढ केला.)

एक हजार किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची ऊर्जा ५० हजार ज्यूल. ताशी ७२ ला दोन लाख. माणसे दुप्पट केली तर त्यांच्या वाट्याची ऊर्जा दुप्पटच वाढते. वेगाचे तसे नाही. ताशी ७२ ची धडक म्हणजे सुमारे वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा मजल्यांवरून, खाली पडणे.

हे मी वर्गात तीस वर्षे शिकविले. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न हमखास असे.

पुढे माझ्या घरच्या लग्नाला वेळेवर पोहोचावे म्हणून निघालेला माझा एक वर्गमित्र पुणे-बंगळूर रस्त्यावर उभ्या ट्रकवर आदळला. तोही सरांच्याच त्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बसलेला. गाडी ७२ ने चालली होती, असे शेजारी बसलेल्याने सांगितले. पंचनाम्यात ब्रेक लावल्यानंतरचे चाकांचे ओरखडे साडेबावीस मीटर नोंदले होते. त्या रात्री मला झोप येईना, म्हणून वही घेतली. घर्षणगुणांक अर्धा धरला. ताशी ५४ ने येणारी गाडी बरोबर साडेबावीस मीटरांत, ट्रकला टेकताच, थांबते. ७२ ने येणाऱ्या गाडीला चाळीस मीटर लागतात. मग त्या जागी तिचा वेग किती उरला असेल? माझ्या मनाने आधी उत्तर दिले, अठरा; दोहोंतला फरक. पण वजाबाकी वर्गांची करावी लागते. उत्तर आले, ताशी जवळजवळ ४८.

तीन वेळा पडताळून पाहिले. लग्नाचा मुहूर्त सकाळी साडेदहाचा होता. तो अकराला आला असता तरी कोणी काही म्हटले नसते.