तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

आज नागपूरच्या अजब बंगल्याबद्दल बोलू. कागदोपत्री नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना 1863. पण ऑटोवाल्याला ‘अजब बंगला’च सांगा!

मी चौथीत असताना आजीनं मला तिथं नेलं. पेंढा भरलेला वाघ पाहून मी तिच्या पदरामागे लपलो होतो. अलीकडे मी तिला बाहेरगावच्या एका संग्रहालयात घेऊन गेलो, तर फाटकाला कुलूप. पाटी होती, ‘दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद’. तारीख नाही. आजी म्हणाली, “तात्पुरतं म्हंजे कवापर्यंत रे बाप्पा? मी एक्याऐंशीची झाली.”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधत बसलो.

मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली लोकांसाठी उघडलेलं. 2003 मध्ये तिथं जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं. 2005 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, पण दारं उघडली जानेवारी 2008 मध्ये. म्हणजे पुरस्कारानंतरही दोन वर्षांहून जास्त!

एवढा वेळ काऊन लागतो? कारण भिंत रंगवली की काम संपत नाही. आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, नंबर, कुठे चीर आहे त्याची नोंद. मग पॅकिंग, मग सुरक्षित खोली. ओल्या प्लास्टरमुळे हवा दमट होते आणि तांब्यावर हिरवे डाग चढू शकतात. पेंढा भरलेल्या प्राण्यांना कीड लागते. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा, पंचेचाळीस डिग्री, आणि लगेच पावसाळा. लाकूड आकसतं, मग फुगतं. घाई केली तर वाकाटकांच्या काळापासून टिकलेला ताम्रपट आपल्याच काळात खराब व्हायचा.

म्हणून बंद ठेवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तारीख नसलेल्या पाटीला. लोक वाट पाहतात, मग विसरतात, आणि विसरलेल्या जागेसाठी पैसा मागायला कोणी जात नाही.

तर कुठेही अशी पाटी दिसली, की तीन प्रश्न विचारा. कधी उघडणार? वस्तू कुठे ठेवल्या? यादी केली का? रागानं नाही, आपुलकीनं. लेखी विचारलं तर उत्तम.

मी त्या संग्रहालयाला पत्र पाठवलंय. उत्तर आलं की आधी आजीला वाचून दाखवीन, मग तुम्हाला.

भेटू पुढच्या भागात!