पाचवीची वाट

कर्जतला जून आल्याचं कॅलेंडर बघून कळत नाही. राजमाचीच्या अंगाने ढग खाली उतरू लागतात, बाजारात ठाकूर बायका शेवळं आणि काकडं घेऊन बसतात आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढे पालकांची झुंबड उडते. विदर्भ सोडला तर आपल्या राज्यातल्या शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. आणि नेमका त्याच सुमाराला आमच्याकडचा पाऊस काही केल्या उघडत नाही.

यंदा आमच्या घरात दोन मुलींची दोन नवी वर्षं एकदम सुरू होताहेत. धाकटी पहिलीत, मोठी पाचवीत. नात्यातली, शेजारची, भाजीवालीसुद्धा विचारते ती धाकटीचं. "काय गं, मोठ्या शाळेत जाणार का?" मोठीला कुणी काही विचारत नाही. ती चार वर्षं शाळेत जातेच आहे, त्यात विचारायचं काय, असं सगळ्यांना वाटतं. मला मात्र या दोघींमध्ये खरी पायरी मोठीची वाटते. ती का, ते पुढे सांगते. आधी घरातली धांदल ऐका.

पावसाळी मुलखात शाळेची तयारी म्हणजे निम्मी तयारी पाण्याविरुद्धची असते. वह्यांना खाकी कव्हर घालायचं, त्यावर प्लॅस्टिकचं घालायचं, आणि सगळ्या वह्या मिळून पुन्हा एका पिशवीत. छत्री की रेनकोट हा वाद आमच्याकडे दरवर्षी होतो. छत्री घाटाखालच्या वाऱ्यात उलटते. रेनकोट घातला तर पाठीवर दप्तराचा उंटासारखा उंचवटा येतो आणि पुढची बटणं लागत नाहीत. गणवेशाचे दोन जोड पुरत नाहीत, कारण काल भिजलेला आज वाळत नाही आणि आज भिजलेला उद्या लागणार असतो. मग रात्री दहा वाजता इस्त्री घेऊन ओलसर कपड्यातून वाफा काढत बसायचं. जुलैतल्या आमच्या घराचा वास विचाराल तर तो या वाफेचा असतो.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं सरकारने २०१५ साली ठरवून दिलं. धाकटी अठरा किलोची. म्हणजे तिचं दप्तर पावणेदोन किलोच्या आसपास असायला हवं. पाण्याची बाटली, डबा आणि ओला रेनकोट एवढ्यातच ते वजन भरतं, पुस्तकांना जागा राहत नाही. ओझं कमी करायचं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून पाहिली. २०२५ साली तो प्रयोग थांबला. कल्पना वाईट नव्हती, पण वह्या काही कमी झाल्या नाहीत.

मग वेळेचं गणित. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप होत नाही, असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं. निर्णय चांगलाच आहे. धाकटी त्यामुळे निवांत उठते. मोठी आता पाचवीत, म्हणजे या नियमाच्या बाहेर; तिची शाळा सकाळच्या सत्रातली, सातची. यजमान मुंबईला नोकरीला. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, गाडीतच दोन तास जातात, त्यामुळे ते त्याच्याही आधी घराबाहेर. एका घरातून तीन माणसं तीन वेळांना बाहेर पडणार, तीन डबे तीनदा भरायचे. मुलांची झोप वाढली तेवढीच कुणाची तरी कमी झाली, ती कुणाची हे घरोघरच्या बायकांना सांगायला नको.

यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो? वेण्यांना! दोन वेण्या, वर दुमडून, लाल रिबिनी. हे काम सासूबाईंचं. त्यांच्या हाताला घाई माहीत नाही. भांग सरळ आला नाही तर सोडून पुन्हा घालतात, आणि तिकडे घड्याळात पावणेसात झालेले असतात. "केस कापूनच टाका," असं यजमानांनी एकदा सुचवलं. त्यावर सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शिवाय जून-जुलैमध्ये शाळेतून उवा येतातच, त्यामुळे रविवारी अंगणाकडच्या पायरीवर फणी घेऊन कार्यक्रम. हा रविवारचा भाग यजमानांनी आपल्याकडे घेतला आहे. तेल लावणं आणि फणी फिरवणं त्यांना छान जमतं. त्या तासाभरात मुली त्यांना आठवडाभराचं सगळं सांगून टाकतात, जे मला कधीच सांगत नाहीत.

धाकटीच्या पहिलीबद्दल फारशी काळजी मला नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत हा नियम मला योग्य वाटतो. उगाच साडेचार-पाच वर्षांच्या पोराला बाकावर बसवायचं आणि मग बोट वळत नाही म्हणून रडायचं, हे त्याने थांबतं. शिवाय पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून 'पहिले पाऊल' म्हणून शाळा पूर्वतयारीचे मेळावे होतात. वेगवेगळ्या टेबलांवर मुलाला उड्या मारायला, रंग ओळखायला, चित्रावरून गोष्ट सांगायला लावतात. कुठे अडतं ते आईला दाखवतात, आणि मग वस्तीतल्या आयांचा गट करून उन्हाळाभर घरी काय खेळवायचं ते सांगतात. शाळा उघडते त्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. फूल देतात, नवी पुस्तकं हातात देतात, कुठे बैलगाडीतून मिरवणूकही काढतात. पहिलीच्या मुलाला शाळेत आणायला सगळं गाव उभं राहतं. हे सगळं फार चांगलं आहे.

पाचवीला मात्र कुणी फूल देत नाही.

आमच्या कर्जत शहरात पाचवी म्हणजे दुसरी इमारत, दुसरी वेळ आणि वर्गशिक्षिकेऐवजी तासाला बदलणारे सर. रडू येतं, चार दिवसांनी थांबतं. पण कशेळे, खांडस, पाथरज या भागातल्या वाड्यांवर पाचवी म्हणजे दुसरा रस्ता. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. तीन किलोमीटर नकाशावर मोजले जातात. मध्ये ओढा आहे का, पुलावरून पाणी जातं का, रान आहे का, हे त्यात धरलेलं नसतं. मे महिन्यात जो ओढा मुली उड्या मारत ओलांडतात, तो जुलैत मोठ्या माणसाला ओलांडता येत नाही.

माझ्याकडे शेवळं घेऊन येणारी एक बाई आहे. शेवळं कापताना हात खाजतात, काकडाची फळं घातल्याशिवाय भाजी घशाला खवखवते, हे मला तिनेच शिकवलं. तिची मुलगी आणि माझी मोठी एकाच वर्षी चौथी पास झाल्या. मी विचारलं, "पाचवीला कुठे घालणार?" ती म्हणाली, "बघू ताई. आमच्याकडं पावसात गाडी वर येत नाय. आश्रमशाळेत टाकली तर जेवनाखान्याची काळजी नाय. पन तुमची पोरगी रोज घरी येनार, माझी गनपतीला येनार." एवढं बोलून ती पुढच्या दाराला गेली. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलेलं नाही. दहा वर्षांची मुलगी. माझ्या मोठीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही.

ज्यांना आश्रमशाळेत धाडायचं नसतं त्यांच्यासाठी एसटी आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. या योजनेने राज्यात किती मुली शिकल्या असतील! पूर्वी पाससाठी आगारात रांग लावावी लागे, त्यात शाळेचे दिवस बुडत. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची मोहीम एसटीने सुरू केली, ही तर फारच शहाणपणाची गोष्ट. पण पास असून भागत नाही, गाडी वेळेवर लागते. शाळा पाचला सुटली आणि गाडी साडेसहाला असली तर पावसाळी संध्याकाळी फाट्यावर उतरून पुढे वाडीपर्यंत अंधारातून कोण जाणार? मुलगा असेल तर बाप म्हणतो, येईल चालत. मुलगी असेल तर आई म्हणते, राहू दे या वर्षी. एक वर्ष राहिलं की मग ते राहतंच. खोपोलीच्या बाजूला रेल्वे आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी इथली मुलं गाडीने ये-जा करतात. पण तिथेही एक गाडी चुकली की पुढची केव्हा, यावर सगळा दिवस टांगलेला.

दुसरी अडचण ऋतूची. शाळेचं वर्ष आणि भाताचं वर्ष एकदमच सुरू होतं. जूनमध्ये राब तरारतो, जुलैत लावणी. आई-बाप दोघंही चिखलात. घरात तान्हं मूल असेल तर त्याला सांभाळायला कोण? नऊ-दहा वर्षांची बहीण. पहिलीतल्या मुलीला कुणी घरी ठेवत नाही, ती उपयोगाची नसते. पाचवीतली असते. कातकरी कुटुंबांचं आणखी वेगळं. त्यातली कितीतरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलींचं शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं.

१९९२ साली सावित्रीबाईंच्या जयंतीपासून राज्याने मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया. त्या काळी त्या रुपयाला काही किंमत होती. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. तो भत्ता पहिली ते चौथीसाठी होता. जिथे मुलीचा हात घराला लागू लागतो, नेमका तिथे तो संपत होता.

आश्रमशाळेबद्दल बोलताना आमच्या भागात इर्शाळवाडी आठवल्यावाचून राहत नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या त्या वाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीत गाडी जाईल असा रस्ता नव्हता, मदतीची माणसंही त्या पावसात चढून गेली. वाडीतली काही मुलं तेव्हा आश्रमशाळेत होती. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, म्हणून ती वाचली. त्यांच्यातल्या काहींचे आई-बाप वाचले नाहीत. शिकायला लांब धाडलेल्या लेकराची घरच्यांनी काळजी करायची, अशीच आपल्याला सवय. इथे नेमकं उलटं झालं. तेव्हापासून जुलैत रात्रभर पाऊस धरला की मला त्या मुलांची आठवण येते. आज ती कितवीत असतील, असा हिशेब मी करत बसते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रेडिओवर ती पूर्वी कुणी बोलत नसे. पाचवी-सहावीत मुली वयात येऊ लागतात. माझ्या मोठीला मी मे महिन्यातच जवळ बसवून सगळं सांगितलं. दप्तरात एका छोट्या पिशवीत लागणारं सामान ठेवलं. सासूबाई आधी म्हणाल्या, "एवढ्यात कशाला?" मग संध्याकाळी स्वतःच तिला त्यांच्या वेळची हकीकत सांगत बसल्या. पण घरी सांगून निम्मंच काम होतं. उरलेलं काम शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या कडीचं आणि नळाच्या पाण्याचं असतं. पावसाळ्यात चहूकडे पाणीच पाणी, आणि मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ कोरडा, ही परिस्थिती अनेक शाळांत असते. त्यापायी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो. मी या वेळी कडी लागते का ते पाहून आले. शिपाईमामा जरा चमकले, पण त्यांनी दाखवलं.

तेव्हा आयांना माझं एक सांगणं आहे, विशेषतः गावाकडच्या. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळदा आपण तिथे सही करून चहा घेऊन येतो. या जुलैत लावणी उरकली की एकदा त्या समितीत पाचवीचं हजेरीपत्रक मागून घ्या. मागच्या वर्षी चौथीत असलेल्या मुलींची नावं शेजारी मांडा. जी नावं गळली असतील त्यांच्या घरी दोघीतिघींनी मिळून जा. कारण बहुधा साधंच निघेल. गाडी लवकर सुटते, ओढ्याला पाणी आहे, तान्ह्याकडे कुणी नाही. गाडीची वेळ बदलून घ्यायला आगारात अर्ज लागतो, आणि त्यावर समितीच्या सह्या चालतात.

शेवळंवाली गेल्या आठवड्यात पुन्हा आली होती. शेवळं संपली, आता टाकळा आणतेय. मुलीचं नाव आश्रमशाळेत घातलंय म्हणाली. पेटी घेतली, पत्र्याची, कुलूप लागणारी. मोठीने आपल्या रिबिनींची एक जोडी तिच्या टोपलीत टाकली.