युद्ध शांततेच्या काळात शिजतं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'माणूस मुळातच भांडखोर. युद्धं होती, आहेत आणि राहणारच.' हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. 'पुरुष म्हटला की हात उगारणारच', 'बाईची जातच तशी' ही त्याचीच भावंडं. एखादी गोष्ट निसर्गावर ढकलली की तिचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. म्हणून आज एकच युद्ध समोर ठेवून हे तपासू या. १९१४ ते १९१८ चं पहिलं महायुद्ध. त्यात आपल्याकडची माणसंही मेली आहेत.

लढणं रक्तातच असेल, तर माणसं आपणहून लढत राहिली पाहिजेत. ब्रिटनमध्ये सुरुवातीला लाखो तरुणांनी नावं नोंदवली हे खरं. पण ती पुरली नाहीत. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला. पळून जाणं, भेकडपणा दाखवणं अशा आरोपांवरून ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली, मेल्यावर नव्वद वर्षांनी. जे उपजत असतं त्यासाठी कायदा आणि बंदूक लागत नाही.

आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे लाज. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन या गावी एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तीस बायकांचा गट उभा केला. गणवेश न घातलेला तरुण दिसला की त्याच्या हाती पांढरं पीस द्यायचं, म्हणजे तू भेकड आहेस. आपल्याकडे 'बांगड्या भर' म्हणतात, तोच प्रकार. बांगड्या भरणारीचं जिणं हलकं, हे आधी सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, म्हणून तर हा टोमणा लागतो. बाईला कमी लेखणं ही युद्धाची पूर्वतयारी आहे.

ही पिसं वाटणाऱ्या बायकाच होत्या, हेही विसरू नये. मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांनी युद्ध सुरू होताच आपलं आंदोलन थांबवलं आणि सरकारची बाजू घेतली. त्यांचीच मुलगी सिल्व्हिया युद्धाविरुद्ध उभी राहिली. तेव्हा 'स्त्रिया जात्याच शांतताप्रिय' हेही निसर्गावर ढकलणंच झालं. बाजू ही ठरवून घ्यावी लागते.

आता आपल्याकडे येऊ. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावचे ४६ जण या युद्धात गेले. गावाला आजही 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात. हिंदुस्थानातून तेरा लाखांवर सैनिक आणि मजूर नेले गेले. ७४ हजारांवर परत आलेच नाहीत. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कूत या गावी त्यांना वेढा पडला. खायला उरलं नाही, आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्यांना शरण जावं लागलं. सातारच्या शेतकऱ्याचं तुर्की शेतकऱ्याशी काय वैर होतं? वैर नव्हतं. पण शेजारच्या इराणात तेल होतं, आणि तिथल्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग ब्रिटिश सरकारने १९१४ सालीच विकत घेतले होते. त्या तेलाची राखण हे फौज पाठवण्यामागचं एक मोठं कारण होतं.

लढवय्येपणाही सोयीने ठरवला जात होता. 'लढवय्या जातीं'चं खूळ काढून इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १९१७ साली माणसं कमी पडू लागली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडली. चार वर्षांत कुणाचं रक्त बदलतं का?

याच काळात बायकांनी दुसरंही काही केलं. २८ एप्रिल ते १ मे १९१५ या दिवसांत नेदरलँड्समधल्या हेग शहरात बारा देशांतल्या हजाराहून अधिक स्त्रिया जमल्या. डॉक्टर आलेट्टा याकोब्स यांनी पुढाकार घेतला, अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या जेन ॲडम्स. ज्या बेल्जियमवर जर्मन फौजा बसल्या होत्या तिथल्या स्त्रिया जर्मन स्त्रियांसोबत एका सभागृहात बसल्या. ब्रिटनमधून १८० जणींना यायचं होतं. सरकारने वाट अडवली, पोचल्या फक्त तिघी. लवादाने तंटे सोडवा, स्त्रियांना मताधिकार द्या, असे ठराव त्यांनी केले आणि ते घेऊन त्या देशोदेशींच्या मंत्र्यांना भेटल्या. अनेकांनी त्यांची टिंगल केली. युद्ध थांबलं नाही.

पण १९१९ च्या मे महिन्यात त्या पुन्हा झुरिकला जमल्या. व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्याच बाहेर आल्या होत्या. जर्मनीची नाकेबंदी अजून उठली नव्हती, तिथे पोरं उपाशी होती. या तहातून दारिद्र्य, रोगराई आणि द्वेष वाढेल, आणि त्यातून पुढची युद्धं होतील, असं या स्त्रियांनी उघड सांगितलं. कुणी ऐकलं नाही. वीस वर्षांनी, १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू झालं. ते फक्त त्या तहामुळे झालं असं नाही. पण जेत्याने लादलेली शांतता पुढच्या युद्धाचं बी जपून ठेवते, हे त्यांना दिसलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. युद्ध पुन्हा पुन्हा होतं, कारण ते ठरवणारे वेगळे आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे. आणि मोजणाऱ्यांना तयार करण्याचं काम शांततेच्या काळात, घरात, शाळेत, भाषणांत चालू असतं. २०२४ साली जगाने लष्करावर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. एवढी तयारी निसर्ग करत नाही, सरकारं करतात. आणि सरकारांना जाब विचारता येतो.

गटचर्चेला बसताना तीन प्रश्न सोबत घ्या. आपल्या मुलांना 'मर्द हो' हे आपण कुठल्या शब्दांत शिकवतो? आपल्या वस्तीत शेजाऱ्याला शत्रू ठरवण्याचं काम कोण करतं आणि त्यात त्याचा फायदा काय? आणि भांडण मिटतं तेव्हा मिटवण्याच्या बैठकीत बाई असते का? उत्तरं मोठी नकोत. आपापल्या गावातली एकेक घटना सांगा.