शांता आपटे आणि वनमाला : बोलपटाच्या आरंभकाळातील दोन अभिनेत्री



दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, परंतु चित्रपटात काम करणारी स्त्री घरंदाज नव्हे, हा समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि त्या समजाला मोठा तडा गेला. दुर्गाबाईंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व त्यांनी स्वतःही लिहून ठेवले आहे. त्यांच्या मागोमाग आलेल्या दोघींचा विचार येथे करावयाचा आहे.

शांता आपटे यांचा जन्म १९१६ सालचा, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथील. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मधून १९३२ साली त्या पडद्यावर आल्या. दोन वर्षांनी प्रभातचा ‘अमृतमंथन’ आला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या काळी गाणे आले की बहुतेक नट-नटी एका जागी खिळून उभ्या राहत व गायनाची बैठक असल्याप्रमाणे गात. शांताबाई गात तेव्हा डोळे, मान, हात सर्वच बोलत असे. ‘कुंकू’ (१९३७) हा त्यांच्या कलेचा कळस होय. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील नीरा फसवणुकीने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली जाते. मात्र ती त्याला पती म्हणून स्वीकारण्याचे ठामपणे नाकारते. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत योजलेच नाही. घड्याळाची टिकटिक यांसारखे नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले. त्यामुळे नीरेचे मौनही ऐकू येते.

पडद्यावरील ही नीरा प्रत्यक्षातही फारशी वेगळी नव्हती. तेव्हाच्या चित्रसंस्था कलावंतांना मासिक वेतनावर करारबद्ध करीत. करार असेपर्यंत बाहेर काम करण्याची मुभा नसे, मग संस्थेत काम असो वा नसो. अशाच करारासंबंधीच्या वादातून शांताबाईंनी १९३९ साली पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण आरंभले. एका लोकप्रिय तारकेने आपल्याच संस्थेच्या दारात अन्नत्याग करून बसावे, याची वृत्तपत्रांत चर्चा न होती तरच नवल! कित्येकांनी त्यात केवळ हट्ट पाहिला. परंतु कलावंत हाही श्रम विकून जगणारा माणूस आहे, ही गोष्ट त्या फाटकापाशी जितकी स्पष्ट झाली तितकी कोणत्याही भाषणाने झाली नसती. प्रभात सुटले. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. शीर्षकातील प्रश्न त्या काळातील अनेक सुशिक्षित मुलींच्या मनातला होता. पुढच्याच वर्षी तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या व नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी! १९४९ सालच्या ‘स्वयंसिद्धा’ने त्यांना पुन्हा यश दिले. १९६४ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वनमालाबाईंचा झगडा संस्थेशी नव्हता, घराशी होता. त्यांचे मूळचे नाव सुशीला पवार. जन्म उज्जैनचा, घराणे ग्वाल्हेर संस्थानातील प्रतिष्ठित. पदवी घेऊन त्या पुण्यास आचार्य अत्रे यांच्याशी संबंधित असलेल्या शाळेत शिकवू लागल्या आणि तेथून चित्रपटाची वाट सापडली. ‘लपंडाव’ (१९४०), ‘पायाची दासी’ (१९४१) आणि सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ (१९४१) लागोपाठ आले. ‘सिकंदर’मधील रुखसानाने त्यांचे नाव देशभर गेले. सरदारघराण्यातील कन्येने पडद्यावर यावे, हे मात्र घरी रुचले नाही.

पुढे १९५३ साली अत्रे यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला व आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाईंनाच निवडले. सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा त्याचा पहिला मान याच चित्रपटास मिळाला. जिचे पडद्यावर येणे स्वतःच्या घराला कमीपणाचे वाटले, तिचाच चेहरा मराठी घराघरांत आईचा म्हणून ओळखला जाऊ लागला. उत्तरायुष्यात चित्रसृष्टीपासून दूर होऊन त्या वृंदावनात कला आणि भक्ती यांत रमल्या. २००७ साली ग्वाल्हेर येथे त्यांचे निधन झाले.