निंबोळीला माप आहे, पाल्याला नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाचा विषय बाजूला ठेवून आम्ही रक्तदाबावर बोलणार आहोत. हे काम डॉक्टरचे, असे कुणी म्हणेल. पण यात आमची एक चूक आहे आणि ती तुमच्यासमोरच कबूल केली पाहिजे.

गेल्या खरिपात आपलाच एक कार्यकर्ता बंडीवरून उतरताना कोसळला. लकव्याने उजवी बाजू गेली. घरी गेलो तेव्हा कळले, तीन महिन्यांपासून बीपीची गोळी बंद होती आणि रोज सकाळी शेवग्याच्या पाल्याचा रस चालू होता. "तुम्हीच सांगता ना, कंपनीच्या बाटलीपेक्षा घरचा पाला बरा," असे त्याच्या माउलीने आम्हाला ऐकवले. आम्ही ते पऱ्हाटीवरच्या फवाऱ्याबद्दल बोललो होतो. त्याने ते स्वतःच्या अंगाला लावून घेतले.

झाडपाल्यात औषध नसते, असे आम्ही म्हणत नाही. सर्पगंधा घ्या. तिची मुळी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रोग्यांना ती मोजून दिली, दाब किती उतरला ते लिहून ठेवले आणि 1949 साली ते जगापुढे मांडले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रेसरपिन वेगळे काढले गेले आणि जगभर त्याच्या गोळ्या खपल्या. म्हणजे मुळी खरी होती. पण त्याच औषधाने काही रोग्यांचे मन इतके खचू लागले की पुढे त्याहून बऱ्या गोळ्या आल्या आणि ते मागे पडले. ज्यात गुण आहे त्यात अपायही असतो. दोन्ही कळतात ते मोजल्यावरच.

आता आपल्या शेतातले बघा. पाच टक्के निंबोळी अर्क आपण कसा करतो? 5 किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, साबणाचे पाणी घालायचे आणि एकूण 100 लिटर करायचे. तरीही एका झाडाची निंबोळी कडक आणि दुसऱ्याची नरम निघते. म्हणून फवारणीनंतर आपण शेतात जाऊन अळ्या मोजतो. पऱ्हाटीसाठी एवढे माप! आणि स्वतःसाठी? मूठभर पाला, पेलाभर पाणी. कोवळा की जून, कोणत्या झाडाचा, काही हिशेब नाही. शेवग्याच्या पाल्याच्या अर्काने उंदरांचा दाब उतरल्याचे प्रयोग झालेले आहेत. पण माणसावर मोठ्या चाचण्या होऊन ठरलेला डोस नाही.

आणि दाबाची अळी दिसत नाही. बोंड पोखरलेले डोळ्यांना दिसते. दाब 180 झाला तरी पुष्कळांचे डोकेही दुखत नाही. माणूस म्हणतो, "रसाने बरे वाटते." बरे वाटणे हे माप नव्हे. पट्टा बांधून वरचा आकडा आणि खालचा आकडा पाहणे, हेच माप. पुन्हापुन्हा मोजून तो 140/90 किंवा त्याहून वर येत असेल, तर तो रक्तदाब.

मग करायचे काय?

एक, शेवग्याची भाजी खुशाल खा. ज्वारीची भाकरी आणि पाल्याची भाजी हे चांगलेच जेवण आहे. पण ते जेवण आहे, गोळीची बदली नव्हे.

दोन, मिठाचा हात आवरा. दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरू नये. लोणचे, पापड, ठेचा यातले मीठही त्यातच धरायचे. तंबाखू सोडा.

तीन, आकडा उतरला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच उतरलेला असतो. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरला सांगून बदलून घ्या.

चार, काढा किंवा अर्क घेत असाल तर लपवू नका. गोळीवर अर्क घेतल्याने दाब फार उतरला, तर शेतात चक्कर येऊन पडाल. ज्यांच्या किडन्या अधू आहेत त्यांनी आणि गरोदर बायांनी विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. खासगी दुकानातली दर महिन्याची गोळी कोरडवाहू घराला जड जाते, म्हणूनच माणूस पाल्याकडे वळतो. त्याला अडाणी म्हणू नका. पण सरकारी दवाखान्यात ही गोळी फुकट मिळायला हवी. ती संपली असे सांगितले तर एकट्याने परत फिरू नका. गावातल्या दहा जणांनी मिळून जा आणि लेखी मागा. युरिया मिळाला नाही तर आपण मोर्चा नेतो, गोळीसाठीही नेऊ.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावून इथेच सगळ्यांचा दाब मोजायचा. पहिला हात आमचा. आमच्या एका अर्ध्या वाक्याने एका घराचा कर्ता खाटेवर पडला. निदान दुसरा पडू नये, एवढ्यासाठी हे बोललो.