घागरा न सोडता बर्फावर

आज थोडं लांब जाऊ, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात. तिथं वायना पोतोसी नावाचा बर्फाचा डोंगर आहे. उंची ६,०८८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या साडेतीन पटींहून उंच!

परदेशातून माणसं हा डोंगर चढायला येतात. त्यांचं जेवण रांधायचं, सामान वाहायचं, हे काम तिथल्या आयमारा समाजाच्या बायका वर्षानुवर्षं करत होत्या. त्यांतली एक लिडिया वायास. पायथ्याशी दहा वर्षं स्वयंपाक केलेला. खाली उतरून आलेल्यांना ती विचारायची, वर कसं वाटतं हो? शेवटी ठरलं, आपणच जाऊन बघू. २०१५ साली अकरा जणी चढल्या. त्यांतल्या बऱ्याच चाळिशी ओलांडलेल्या.

अंगावर काय? त्यांचा नेहमीचा घेरदार घागरा, पोयेरा म्हणतात त्याला. या घागऱ्यावरून आयमारा बायकांना एके काळी शहरातल्या हॉटेलांत शिरू देत नसत. म्हणून तो सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण हिंमत आहे म्हणून कुणी एकदम शिखराकडे निघत नाही. पहिला दिवस शिकण्याचा. पायथ्याजवळच्या हिमनदीवर सराव होतो. बुटाच्या तळाला लोखंडी दात्यांची चौकट बांधायची, तिला क्रॅम्पॉन म्हणतात. हातात बर्फाची कुऱ्हाड, डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर. दोर वर पक्का अडकवलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक खाली जोडीदाराच्या हाती असतं. हात सुटला तरी दोर सांभाळतो.

बर्फाची उभी भिंत समोर आली की नवशिकी माणसं हातांनी लोंबकळतात आणि पाच मिनिटांत दमतात. खरं बळ पायांचं. कुऱ्हाड वर रोवायची, बुटाचे पुढचे दाते बर्फात मारायचे, टाच खाली ठेवायची आणि पायांवर उभं राहायचं. मगच पुढची पायरी. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको!

दुसरी गोष्ट हवेची. साडेपाच हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. म्हणून टप्प्याटप्प्यानं चढायचं, वरच्या तळावर मुक्काम करायचा. डोकं दुखलं, उलटी झाली तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर तडक खाली उतरायचं. तिथं लाज धरली तर जीव जातो.

शिखराकडे निघतात मध्यरात्रीनंतर. का? रात्री बर्फ घट्ट असतो. ऊन चढलं की तो मऊ पडतो, भेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे होतात. म्हणून सगळ्या एकाच दोराला बांधून चालतात. एकीचा पाय भेगेत गेला तर बाकीच्या तिला धरून ठेवतात. आणि दोरावरच्या सगळ्यांची चाल सगळ्यांत हळू चालणारीच्या चालीनं.

जानेवारी २०१९ मध्ये या बायका अर्जेंटिनातल्या अकोन्काग्वा शिखरावर पोचल्या. उंची ६,९६१ मीटर. आशियाबाहेर जगात याहून उंच डोंगर नाही. आज त्यांच्यातल्या काही जणी वाटाड्या म्हणून काम करतात. ज्या वाटेवर दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्याच वाटेवर आता दोराच्या पुढच्या टोकाला त्या असतात.

आपल्याकडंही बर्फावर चढायचं शिक्षण मिळतं. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. १९८४ साली एव्हरेस्ट चढलेली पहिली भारतीय महिला, बचेंद्री पाल, तिथंच शिकली. घरातल्या एखाद्या मुलीनं अशा शिबिराचं नाव काढलं, तर लगेच नाही म्हणू नका. शिकवणारं कोण, दोर कुणाच्या हाती, उतरायचं कधी, एवढं नीट विचारा. उत्तरं पटली तर जाऊ द्या.

आणि तुमच्या गटात कायम मागं राहून रांधणारी, वाढणारी कोण आहे? तिला एकदा विचारा, तुला काय करून बघायचंय?